लाइव्ह कोडिंग कशाला म्हणायचं, कशाला नाही

प्रश्न थोडक्यात असा: महाविद्यालयाच्या महोत्सवात लाइव्ह कोडिंगचा, म्हणजे लोकांसमोर कोड लिहिता लिहिता संगीत किंवा चित्र घडवायचा, कार्यक्रम ठेवायचा आहे. अर्ज करणाऱ्यांपैकी एक जण घरून लिहून आणलेला कोड मंचावर चालवणार आहे, दुसरा एबल्टन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार क्लिपा वाजवणार आहे, एकीला प्युअर डेटामध्ये (तिथे पडद्यावरचे खोके तारांनी जोडून आवाज घडवतात) असा जोडलेला पॅच करायचा आहे, एक जण एआयकडून कोड लिहून घेणार आहे, आणि दोघांची समजूत अशी की ही घड्याळ लावून प्रोग्रॅम सोडवायची स्पर्धा आहे. यातलं लाइव्ह कोडिंग कोणतं?

शेवटच्या दोघांचा गोंधळ लगेच मिटण्यासारखा आहे. नोकरीच्या मुलाखतीत समोर बसून कोड लिहायला लावतात, त्या फेरीलाही हेच नाव आहे. वर्गात शिक्षक पडद्यावर ओळ टाइप करतो आणि मुलं त्याच्यामागून करतात, त्यालाही हेच म्हणतात; सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या कार्यशाळा याच पद्धतीने चालतात. या दोन्हींत कोड चारचौघांसमोर लिहिला जातो हे खरं, पण लिहून होईपर्यंत काहीच चालू नसतं. लिहिलं, चालवलं, उत्तर आलं, विषय संपला. तुमचा कार्यक्रम आहे तो कोड लिहिता लिहिता संगीत किंवा चित्र घडवायच्या कलेचा. त्या दोघांना तसं आजच कळवा, म्हणजे ऐन वेळी वाद नकोत.

या कलेपुरती माझी कसोटी एवढीच: प्रोग्रॅम चालू असताना, तो न थांबवता, त्याचा मजकूर बदलला जातोय का? आणि त्या बदलामुळे पुढे जे ऐकू येतं किंवा दिसतं ते बदलतंय का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ते लाइव्ह कोडिंग. भाषा कोणती, कोड किती आधी लिहिला, क्रेडिट कार्डाएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर की महागड्या लॅपटॉपवर, हे सगळं दुय्यम.

मेख आहे ती ‘न थांबवता’मध्ये. सॉनिक पाय हे सॅम ॲरनने २०१२ साली केंब्रिजमध्ये सुरू केलेलं साधन शाळकरी मुलंही वापरतात, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. त्यात पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचे, म्हणजे लूपचे, साधा ‘लूप’ आणि ‘लाइव्ह लूप’ असे दोन प्रकार आहेत. साधा लूप लिहून रन दाबलं की तो वाजू लागतो. आता त्यातला एक सूर बदलून पुन्हा रन दाबा. जुना लूप चालूच राहतो आणि नवा त्याच्यावर चढतो. तिसऱ्यांदा दाबलं की तीन. कोड लोकांसमोर लिहिला गेला, आवाजही आला, पण चालू असलेल्या गोष्टीला हात लागलाच नाही; नुसती भर पडत गेली. लाइव्ह लूपला मात्र नाव असतं. त्याच नावाने नवा मजकूर पाठवला की चालू फेरी पूर्ण होते आणि पुढच्या फेरीपासून नवा मजकूर लागू होतो. धागा तोच, आतला मजकूर वेगळा. सरहद्द पाहायची असेल तर ती या दोन लूपच्या मधोमध आहे.

नवशिके इथेच अडकतात. लाइव्ह लूपची नक्कल करून नाव बदललं की जुन्या नावाचा लूप पडद्यावर कुठेच दिसत नाही, पण वाजत राहतो, आणि स्टॉप दाबल्याशिवाय जात नाही. स्टॉप दाबलं की सगळंच बंद. म्हणून जुना लूप पुसण्याआधी त्याच नावाखाली त्याला थांबायला सांगायचं आणि मगच ओळी काढायच्या. दुसरी चूक: लूपमध्ये ‘स्लीप’ (इतका वेळ थांब) किंवा ‘सिंक’ (खुणेची वाट पाहा) लिहायला विसरणं. तसं झालं की सॉनिक पाय त्या लूपला मारतं आणि खाली त्रुटी दाखवतं. बाकीचे लूप चालू राहतात. तिसरी: फेरी फार लांब ठेवणं. आठ सेकंदांचा लूप असेल तर बदल ऐकू यायला आठ सेकंदही लागू शकतात, तेवढ्यात माणूस घाबरून आणखी दोनदा रन दाबतो. फेऱ्या छोट्या ठेवा.

टायडलसायकल्स (थोडक्यात टायडल) ही लाइव्ह कोडिंगची भाषा आणि तिचं ब्राउझरमधलं भावंड स्ट्रडल यांत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने होते, आणि जवळून पाहण्यासारखी आहे. तिथे पॅटर्न म्हणजे एका आवर्तनाची आखणी. समजा तबल्याच्या नमुन्यांना, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या छोट्या आवाजांना, बोलांची नावं दिली आहेत (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असतात) आणि तुम्ही लिहिलं: धा [तिर किट] धा ना. आवर्तनाचे चार समान भाग झाले. दुसऱ्या भागाच्या चौकटी कंसात दोन बोल आहेत, म्हणून तो भाग पुन्हा अर्धा-अर्धा झाला. स्ट्रडलमध्ये काही न सांगता सेकंदाला अर्धं आवर्तन होतं, म्हणजे एक आवर्तन दोन सेकंदांचं. मग प्रत्येक ‘धा’ला अर्धा सेकंद, ‘तिर’ आणि ‘किट’ला पाव-पाव. आता शेवटच्या ‘ना’पुढे तारांकन (*) आणि २ टाका: त्याच पाव हिश्शात दोन ‘ना’ बसतील. हा बदल तुम्ही तिसरा बोल वाजत असताना पाठवलात तर आवर्तन पहिल्यापासून सुरू होत नाही. चौथ्या भागापासून नवी आखणी लागते आणि सम जिथे यायची तिथेच येते. याचं कारण असं की पॅटर्न ही क्रमाने वाजवायची यादी नसून काळाचं फल, म्हणजे गणितातलं फंक्शन, आहे. ‘या क्षणी काय वाजायचं’ एवढंच त्याला विचारलं जातं. त्याला आणखी एक सूचना जोडली, दर चौथ्या आवर्तनाला हे उलटं कर, की सहा-सात शब्दांत चार आवर्तनांचा ऐवज झाला.

ही आखणीची लिपी टायडलच्या कर्त्याने, ॲलेक्स मॅक्लीनने, बोल प्रोसेसरवरून घेतली आहे. बर्नार्ड बेल आणि जेम्स किपन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लखनौ घराण्याच्या तबल्याचे कायदे (ठरावीक बोलांच्या मूळ रचना) संगणकाला समजावून सांगण्यासाठी तो प्रोग्रॅम केला. व्याकरणाचे नियम द्यायचे, त्यातून पलटे (त्या रचनेची फिरवलेली रूपं) निघायचे, ते जाणकार तबलजीने ऐकून बरोबर-चूक सांगायचे, आणि मग नियम सुधारायचे. त्याला लाइव्ह कोडिंग म्हणता येणार नाही, कारण नियम बदलायचे ते वादन थांबल्यावर, अभ्यासाच्या बैठकीत. पण आज लीड्स किंवा मेक्सिको सिटीतल्या एखाद्या हॉलमध्ये लोक ज्या लिपीवर नाचतात तिच्या मुळाशी कायदा-पलटा आहे, हे आपल्याकडच्या कार्यक्रमाच्या निवेदकाने सांगायला हरकत नाही.

इथून घरून आणलेल्या कोडकडे वळू. अर्जदाराला मी नाकारणार नाही, पण एक प्रश्न विचारीन: चालवायला सुरुवात केल्यानंतर तुमचा कीबोर्ड काढून घेतला तर कार्यक्रमात काय फरक पडेल? ‘काहीच नाही’ असं उत्तर असेल तर ती रचना उत्तम असेल, अल्गोरिदमचं संगीत असेल, लाइव्ह कोडिंग नव्हे. ‘तिसऱ्या मिनिटानंतर सगळं अडून बसेल’ असं उत्तर असेल तर घ्या. तयारी किती हा मुद्दाच नाही. कायदा गुरूकडून आलेला असतो, त्याचे पलटेही घोटलेले असतात, तरी कुठला पलटा कधी घ्यायचा, कितीदा फिरवायचा आणि तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) कुठे टाकायची हे मैफलीत ठरतं. तेवढ्याने वादन जिवंत असतं. कोडचंही तसंच. आधी लिहिलेली फंक्शनं, तयार केलेले आवाज, पाठ केलेली सुरुवात, सगळं चालतं. नुसत्या आधी लिहिलेल्या ओळी एकामागून एक चालवत जाणं हे काठावरचं. ओळींचा क्रम आणि वेळ तिथेच ठरत असेल तर आत, तोही ठरलेला असेल तर बाहेर.

याच्या दुसऱ्या टोकाला कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करणारे आहेत. मेक्सिको सिटीच्या सेनार्त या कलाकेंद्रात कोऱ्या पडद्यावरून नऊ मिनिटांत काय ते करायचं, अशा बैठका होत असत. डेमोसीनच्या, म्हणजे कोडमधून चित्र-संगीत घडवणाऱ्या हौशी मंडळींच्या, मेळाव्यांत शेडर शोडाउन नावाची लढत असते: दोघे समोरासमोर, २५ मिनिटं, बॉन्झोमॅटिक या साधनात शेडर (पडद्यावरचं चित्र काढणारा छोटा प्रोग्रॅम) लिहायचा. शेडर हाही काळाचंच फल असल्यामुळे नवा मजकूर कंपाइल झाला की क्षणात जागा घेतो, आणि चूक असेल तर जुनं चित्र तसंच फिरत राहतं. कोरा पडदा ही शर्त कसदार आहे, पण ती शर्यतीची शर्त झाली, व्याख्येची नाही. काही जण तिलाच खरं लाइव्ह कोडिंग मानतात. माझ्या मते त्यात संगीताचं नुकसान होतं, कारण पहिली चार मिनिटं सगळ्यांचीच सारखी वाजतात.

एबल्टनवाल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. क्लिप सुरू करणं, फिल्टरची घुंडी फिरवणं यात निर्णय त्या क्षणीच होतात, ते कौशल्याचं कामही आहे, पण बदलतात ते आकडे आणि क्रम. नियम बदलत नाहीत. हाच निकष कोड लिहिणाऱ्यालाही लावा. कुणी वीस मिनिटं फक्त ०.३ चं ०.५ आणि ०.५ चं ०.८ करत बसला, तर मजकुराच्या वेशातल्या त्या घुंड्याच. मी त्याला बाहेर काढणार नाही, पण परीक्षक असेन तर गुण देताना हात आखडता घेईन.

प्युअर डेटावालीला घ्या. टॉपलॅप हे या मंडळींचं जाळं २००४ साली हॅम्बर्गमध्ये उभं राहिलं तेव्हापासून साधनावर अडून बसायचं नाही अशीच भूमिका आहे. खोके आणि तारा हीही लिपीच. तिने पॅच चालू ठेवून जोडण्या बदलल्या की कसोटी पूर्ण होते. तिला फक्त एक सांगा: प्युअर डेटा ध्वनीच्या प्रत्येक जोडणीनंतर सगळ्या साखळीची नव्याने मांडणी करतो, आणि पॅच मोठा असेल तर त्या क्षणी आवाज तुटतो किंवा टक्कन वाजतो. म्हणून पॅच लहान ठेवावा, किंवा मोठी जोडणी शांत जागी करावी. मॉड्युलर सिंथेसायझरवर खऱ्या तारा जोडणाऱ्यांबद्दल मात्र एकमत नाही. तिथे वाचता येईल, पुसून पुन्हा लिहिता येईल असा मजकूर नसतो, म्हणून मी त्यांना बाहेर ठेवतो. उलट नृत्यदिग्दर्शिका केट सिचियो नर्तकांसाठी कोडसारख्या सूचना लिहिते आणि नाच चालू असताना त्या बदलते. तिथे सूचना पाळणारं यंत्र नाही, माणसं आहेत, तरी माझ्या हिशेबी ते आत येतं. नियम लिहिलेले आहेत, पाळले जाताहेत आणि पाळले जात असतानाच बदलताहेत.

आता प्रोग्रॅमरांच्या नेहमीच्या शंका. ज्युपिटर नोटबुक? नाही, एक खाना चालतो, थांबतो, मग दुसरा. चालू सर्व्हर न थांबवता त्यातला कोड बदलणं? अर्लांग या भाषेत टेलिफोन एक्स्चेंजसाठी ही सोय मुद्दाम केलेली आहे. नासाच्या डीप स्पेस १ यानावर १९९९ साली रिमोट एजंट हा यान चालवणारा प्रोग्रॅम अडकला तेव्हा पृथ्वीवरून त्याच्या चालू लिस्प कोडमध्ये डोकावून बिघाड शोधला गेला. यांत्रिक बाजूने हे लाइव्ह कोडिंगचे सख्खे भाऊ आहेत, पण तिथे बदल हा दुरुस्तीसाठी असतो, आणि तो कुणाला जाणवलाच नाही तर काम फत्ते. इकडे बदल जाणवणं हेच काम. स्टीव्हन तानिमोतो या संगणकशास्त्रज्ञाने १९९० साली प्रोग्रॅमिंगच्या जिवंतपणाच्या चार पायऱ्या सांगितल्या. २०१३ मध्ये त्यात आणखी दोन जोडल्या. चौथ्या पायरीवर प्रोग्रॅम अखंड चालू असतो आणि बदल त्यात मिसळतो. लाइव्ह कोडिंग त्या पायरीवर उभं राहतं, पण पायरी म्हणजे कला नव्हे.

जिवंतपणाचं मोजमाप मिलिसेकंदांत करू नका, हेही सांगायला हवं, कारण ध्वनिव्यवस्थावाले हटकून विचारतात. कीबोर्ड वाजवणाऱ्याला २० मिलिसेकंदांचा उशीरही खुपतो. सॉनिक पाय मात्र प्रत्येक घटना अर्धा सेकंद आधीच आखून ठेवतं, आणि टायडलचे आवाज वाजवणारा सुपरडर्टही सेकंदाचा काही भाग आधी. कुणाला काही जाणवत नाही, कारण इथे बोट पडलं की ठोका, असा संबंधच नाही. तुम्ही ठोका मारत नसता, ठोके कसे पडावेत ते लिहीत असता. या उशिराच्या बदल्यात ताल पक्का राहतो, मशीन जरा दमलं तरी. म्हणून लहान बफरसाठी (आवाज बाहेर जाण्याआधी साठतो तो साठा) हट्ट धरायचं कारण नाही; ४८००० हर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे पाच-साडेपाच मिलिसेकंद, त्याऐवजी ५१२ किंवा १०२४ ठेवा आणि तडतड टाळा.

पडदा दाखवणं सक्तीचं का? टॉपलॅपचा पहिल्यापासूनचा आग्रह आहे की लपवाछपवी नको, पडदे दाखवा. अल्गोरेव्हला, म्हणजे २०१२ पासून सुरू झालेल्या अशा नाचाच्या पार्ट्यांना, हा रिवाजच आहे. तरी व्याख्येत मी तो धरत नाही: अंधारात किंवा रेडिओवर केलेलं लाइव्ह कोडिंगही लाइव्ह कोडिंगच. संगीतकार रॉन क्विव्हिलाने १९८५ साली ॲम्स्टरडॅमच्या स्टाइम या संगीतकेंद्रात फोर्थ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर बेतलेली भाषा मंचावर चालवली, तेव्हा ना हे नाव होतं ना हा रिवाज. पण तुमच्या कार्यक्रमाच्या नियमांत पडदा सक्तीचा करा. नाहीतर मागच्या रांगेतल्या माणसाला ईमेल तपासणारा आणि कोड लिहिणारा यांत फरक कळायचा नाही.

राहिला एआय. इथे सरहद्द अजून ओली आहे, तेव्हा हे माझं मत समजा. माणूस वाक्य लिहितो, मॉडेल कोड देतं, तो कोड चालू लूपमध्ये जातो: यंत्राच्या बाजूने कसोटी पूर्ण झाली. कोड यायला आठ-दहा सेकंद लागले तरी बिघडत नाही, लूप चालूच आहे. अडतं ते दुसरीकडे. तेच वाक्य पुन्हा दिलं तर वेगळा कोड येतो, त्यामुळे काय बदललं म्हणून काय झालं हा धागा वाजवणाऱ्याच्याही हातात राहत नाही, प्रेक्षकांच्या तर नाहीच. म्हणून मी दोन अटी घालीन. आलेला कोड पडद्यावर दिसला पाहिजे, आणि सादर करणाऱ्याने निम्मे बदल तरी स्वतःच्या हाताने त्या कोडमध्ये केले पाहिजेत. ‘आणखी दणकेबाज कर’ एवढंच लिहून एंटर दाबणाऱ्याला वेगळा गट द्या. त्यात कमीपणा नाही, फक्त ते वेगळं काम आहे.

नियम लिहिताना प्रत्येकाला दहा ते पंधरा मिनिटं द्या. त्याहून कमी वेळात चढ-उतार जमत नाही, आणि पहिल्यांदा करणाऱ्याकडे वीस मिनिटांचं सामान नसतं. दोघांच्या मध्ये पाच मिनिटं जोडणीसाठी. अक्षरांचा आकार २४ च्या खाली नको, काळ्यावर पांढरं. टिप्पण्यांचा राखाडी रंग हॉलच्या प्रोजेक्टरवर दिसत नाही, तो आधीच बदलून घ्यायला सांगा. एचडीएमआय जोडली की अनेक लॅपटॉप आवाजही प्रोजेक्टरकडे पाठवतात. सुपरडर्ट ज्यावर चालतो त्या सुपरकोलायडर या ध्वनिप्रणालीचा सर्व्हर सुरू होताना जे उपकरण सापडतं तेच धरून बसतो, म्हणून वायर आधी, सर्व्हर नंतर. नोटिफिकेशन बंद.

स्ट्रडल वापरणारे असतील तर हॉलच्या वायफायवर विसंबू नका. तिचे नमुने पहिल्यांदा मागितल्यावर इंटरनेटवरून येतात, त्यामुळे पहिला ठोका गिळला जातो, आणि नेट नसेल तर नुसतीच शांतता. मंचावर जायच्या आधी लागणारे सगळे आवाज एकेकदा वाजवून घ्यायचे आणि ती टॅब बंद करायची नाही.

आवाजाच्या पातळीबद्दल मात्र कडक राहा. टायडलमधला ‘गेन’, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा आकडा, सरळ गुणाकार नाही. सुपरडर्ट त्याचा चौथा घात करतो. १ चं १.२ केलं की तरंगाची उंची दुपटीवर जाते आणि २ केलं की सोळापट. दशांशचिन्ह सुटून ०.८ चं ८ होणं हा मंचावरचा सगळ्यात नेहमीचा अपघात आहे. आकडा २ च्या वर गेला तरी सुपरडर्ट तो २ वरच अडवतो, पण सोळापट आवाज पहिल्या रांगेला पुरेसा आहे. सुपरकोलायडरमध्ये थेट लिहिणाऱ्याला तीही सोय नाही. तेव्हा प्रत्येकाच्या साखळीच्या शेवटी लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा), मिक्सरवर आणखी एक, आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याचा हात मास्टर फेडरवर. सगळं बंद करायची कळ प्रत्येकाने सुरू करण्यापूर्वी त्याला दाखवावी: सुपरकोलायडरला कंट्रोल आणि पूर्णविराम, स्ट्रडललाही तेच, टायडलला ‘हश’ ही ओळ.

कोड मध्येच बंद पडला तर वेळ थांबवू नका आणि पुन्हा संधीही देऊ नका. वाक्यरचनेची चूक असेल तर जुनं वाजत राहतंच, ती दुरुस्त करणं हा सादरीकरणाचाच भाग. अख्खं मशीन बसलं तर उरलेल्या वेळात ते उठवून पुन्हा सुरू करायची मुभा ठेवा, आणि हे नियमपत्रात आधीच छापा.